अनुपस्थित पक्षकार : सैनिकांच्या दिवाणी संरक्षणविषयक कायद्यांची चिकित्सा

भारतीय सैनिकाच्या शौर्याविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्याच्या सातबाऱ्याविषयी मात्र फारसे झालेले नाही. सैनिक हा लढवय्या असतो तसाच तो कोणाचा तरी ऋणको, कोणाचा तरी भाऊबंद, एखाद्या जमिनीचा सहहिस्सेदार आणि कधी दिवाणी दाव्यातील प्रतिवादीही असतो. तो सीमेवर असताना त्याच्या गावी तालुक्याच्या न्यायालयात त्याच्या नावाचा पुकारा होतो आणि उत्तर देण्यास कोणी नसते. या एका प्रसंगाभोवती आपल्या विधिमंडळांनी वेळोवेळी जे संरक्षक कायदे केले, त्यांची संहिता म्हणून चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कायदा आहे की नाही, एवढाच हा प्रश्न नाही. कायद्याने सैनिकाची कोणती प्रतिमा मनात धरली आहे आणि त्या प्रतिमेमुळे कोणती संकटे त्याच्या दृष्टीआड राहिली आहेत, हा खरा प्रश्न आहे.

सोलापूरच्या वाचकाला या विषयाचा एक जुना संदर्भ जवळचा आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या दंग्यांनंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम झाला. तो प्रारंभी ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला ते पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर हे होते. सावकाराच्या दाव्यात कुणबी हजर होत नसे आणि हुकूमनामा एकतर्फी होत असे, हे त्या काळच्या चौकशीतून पुढे आलेले वास्तव होते. त्यावर या अधिनियमाने जो उपाय योजला तो आजही विचारात घेण्याजोगा आहे. न्यायालयाने प्रतिवादीस समक्ष तपासावे, रोख्यावरील आकडा प्रमाण न मानता व्यवहाराचा मूळपासूनचा इतिहास पाहावा, हप्ते बांधून द्यावेत आणि पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्यास अटक करू नये, असे त्याचे स्वरूप होते. गैरहजर माणसाविरुद्ध न्याय होत असताना न्यायालयाने स्वतः जागे राहावे, हे तत्त्व या जिल्ह्याच्या न्यायालयांत सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी रुजले होते. सैनिकांसाठी पुढे जो कायदा झाला त्याची तुलना इंग्लंड-अमेरिकेतील कायद्यांशी करण्याआधी या घरच्या कायद्याशी करावयास हवी, असे मला वाटते.

पहिले महायुद्ध आणि १९२५ चा अधिनियम

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडले आणि जे जिवंत राहिले ते तुर्कांच्या कैदेत गेले. घरी पत्र पोहोचणे जिथे दुरापास्त, तिथे समन्स पोहोचून त्याचे उत्तर येण्याची गोष्टच नको. मागे राहिलेल्या कुटुंबांवर दावे होत राहिले, मुदती संपत राहिल्या. या परिस्थितीतून १९१८ चा सैनिकांच्या दाव्यांसंबंधीचा अधिनियम आला आणि त्याची जागा १९२५ च्या चौथ्या अधिनियमाने, म्हणजे ‘इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) अ‍ॅक्ट’ने घेतली. स्वातंत्र्यानंतर शब्दांचे आवश्यक ते अनुकूलन होऊन हाच अधिनियम आपल्या संहितेत राहिला.

त्याची रचना थोडक्यात अशी. ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो ‘विशेष परिस्थितीत’ सेवा करणारा सैनिक आहे असे मानण्यास वादीस कारण असेल तर त्याने ते दाव्यात नमूद करावयाचे. सैनिक ज्या जिल्ह्याचा रहिवासी आहे किंवा जेथे त्याची मिळकत आहे, तेथील जिल्हाधिकाऱ्यास तो हजर राहू शकत नाही असे वाटल्यास त्याने न्यायालयास तसे कळवावयाचे. न्यायालयाने विहित लष्करी अधिकाऱ्यास नोटीस द्यावयाची, आणि न्यायहितासाठी तहकुबी आवश्यक असल्याचे प्रमाणपत्र आले की कामकाज तहकूब ठेवावयाचे. अशा सेवेत असताना सैनिकाविरुद्ध झालेला हुकूमनामा रद्द करून मागण्याची तरतूद आहे. मुदत मोजताना अशा सेवेचा काळ वगळावयाचा आहे. इतकेच नव्हे, तर सेवेत असताना सैनिक मृत्यू पावला तर मृत्यूच्या दिवसापासून त्याच्या निकटच्या नातलगास अधिकृत वार्ता धाडली जाईपर्यंतचा काळही वगळावयाचा आहे.

हे शेवटचे कलम वाचताना थबकावे लागते. कोणा मसुदाकाराने, सिमल्यात किंवा दिल्लीत बसून, मरण आणि मरणाची तार यांमधल्या दिवसांचा हिशेब केला होता. कायद्याच्या रूक्ष भाषेत माणसाची एवढी जाण क्वचितच आढळते. याच अधिनियमातील इतर कलमे मात्र त्या उंचीवर टिकत नाहीत.

पहिला दोष क्रियापदांचा आहे. वादीने सैनिकत्व ‘नमूद करावे’ असे कलम म्हणते; न केल्यास काय, याविषयी तेथे दंडाची भाषा नाही. अमेरिकेतील १९४० चा सैनिक-खलाशी दिवाणी साहाय्य अधिनियम व त्याची जागा घेणारा डिसेंबर २००३ चा अधिनियम यांत एकतर्फी निकाल मागणाऱ्या वादीस प्रतिवादी लष्करी सेवेत आहे किंवा नाही याचे प्रतिज्ञापत्र द्यावेच लागते, आणि जाणूनबुजून खोटे प्रतिज्ञापत्र हा गुन्हा ठरतो. आपल्याकडे वादीच्या ‘समजा’वर भार आहे. गावात राहणाऱ्या वादीस शेजारचा मुलगा लष्करात आहे हे ठाऊक नसते, असे कोण म्हणेल? पण ते ठाऊक असल्याचे सिद्ध करण्याची पाळी अनुपस्थित प्रतिवादीवर येते. जिल्हाधिकाऱ्याच्या बाबतीतही कलम ‘कळवू शकेल’ असे म्हणते. आणि लष्करी अधिकाऱ्याकडून ठरावीक मुदतीत उत्तरच आले नाही तर न्यायालय पुढे जाऊ शकते. म्हणजे कार्यालयीन दिरंगाईचा भार शेवटी सैनिकाच्याच माथी येतो.

दुसरा दोष अधिक खोल आहे. ‘विशेष परिस्थिती’ आणि ‘युद्धजन्य परिस्थिती’ या संज्ञा प्रत्यक्ष लढाईवर बेतलेल्या नाहीत. काही प्रसंगी परदेशातील सेवा किंवा समुद्रप्रवास पुरेसा असला, तरी देशांतर्गत सेवेबाबत बहुतांशी केंद्र सरकारच्या राजपत्रातील अधिसूचनेवर सारे अवलंबून आहे. एकोणिसाव्या शतकातून आलेली युद्धाची कल्पना अशी होती की, युद्ध जाहीर होते, लढले जाते आणि संपते. १९९९ मध्ये कारगिलला जे घडले ते युद्ध होते याबद्दल कोणाच्याही मनात शंका नाही, पण ते रीतसर घोषित युद्ध नव्हते. दहशतवादविरोधी मोहिमा, हिमशिखरांवरील चौक्या, ईशान्येकडील तैनाती हे आजच्या सैनिकाचे नित्याचे जीवन आहे. तेथून रजा मिळत नाही ती युद्ध जाहीर झाले म्हणून नव्हे, तर बदली जवान आला नाही म्हणून. बार्शीच्या किंवा पंढरपूरच्या दिवाणी न्यायाधीशाने मात्र वर्तमानपत्र नव्हे, राजपत्र पाहावयाचे असते.

सारखे हितसंबंध

या अधिनियमात एक परंतुक आहे. सैनिकाचे हितसंबंध दाव्यातील दुसऱ्या एखाद्या पक्षकारासारखेच असतील आणि तो पक्षकार त्यांचे पुरेसे प्रतिनिधित्व करीत असेल, असे न्यायालयास वाटले तर तहकुबी देणे बंधनकारक राहत नाही. तर्कदृष्ट्या यात गैर काही नाही. परंतु आपल्या ग्रामीण कुटुंबव्यवस्थेत हे परंतुक सैनिकाच्या विरोधात कसे फिरते ते पाहावयास हवे.

एकत्र कुटुंबातील धाकटा मुलगा पलटणीत जातो. तो मनिऑर्डरी धाडतो, पुढे बँकेत पैसे टाकतो. त्या पैशातून विहीर खणली जाते, पाइपलाइन येते, कधी चार एकर जमीन थोरल्याच्या नावावर घेतली जाते. बाहेरच्या कोणी दावा केला की थोरला भाऊ हजर असतोच. दोघांचे हितसंबंध कागदावर सारखे दिसतात. पण तोच थोरला भाऊ तडजोडीने निकाल घेतो आणि त्या तडजोडीत कोणाचा हिस्सा गेला हे धाकट्याला पुढच्या रजेत कळते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २८ नुसार रजा न मिळणाऱ्या सैनिकास आपल्या वतीने दावा चालविण्याचा अधिकार दुसऱ्यास लेखी देता येतो. ही तरतूद उपयुक्त आहे, यात वाद नाही. मात्र असा अधिकार मिळालेला माणूस बहुधा बाप किंवा भाऊच असतो, आणि तो एकदा दिला की सैनिक ‘प्रतिनिधी नसलेला’ राहत नाही. १९२५ च्या अधिनियमाचे कवच त्या क्षणी सैल होते. भाऊबंदकी हा आपल्या दिवाणी न्यायालयांचा मुख्य ऐवज आहे हे कायद्याला ठाऊक नाही, असेच म्हणावे लागते. मसुदाकाराच्या डोळ्यांसमोर परका सावकार होता. घरातला वाटेकरी नव्हता.

यापेक्षाही ठळक मर्यादा ‘न्यायालय’ या शब्दाची आहे. अधिनियमात न्यायालय म्हणजे दिवाणी वा महसुली न्यायालय. पण जमिनीचे पुष्कळसे तंटे न्यायालयात सुरू होत नाहीत, ते चावडीवर सुरू होतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे फेरफाराची नोंद झाली की तिची प्रत चावडीत लावावयाची व हितसंबंधितांस कळवावयाचे. हरकत न आल्यास नोंद प्रमाणित होते. कलम १५७ नुसार अशी नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. तलाठ्याची (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) ती नोटीस कुपवाड्याला पोहोचत नाही. वारसनोंदीत नाव राहिले, बांध सरकला, हक्कसोडपत्राची नोंद झाली. आणि पुढे दावा करावयाचा तो नोंदीच्या सत्यतेचे गृहीतक मोडून काढण्यासाठी. सैनिकाचे संरक्षण न्यायालयाच्या दारात उभे असते आणि नुकसान त्याआधीच्या पायरीवर होऊन गेलेले असते. महसूल विभागाने २०२३ च्या महसूल सप्ताहात ५ ऑगस्टचा दिवस ‘सैनिकहो तुमच्यासाठी’ म्हणून राखून ठेवला, हे स्वागतार्हच. पण वर्षातील एक दिवस हा हक्क नव्हे.

अज्ञान, विधवा, विकल आणि सैनिक

मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ मध्ये ‘स्वतः कसणे’ या संज्ञेचे स्पष्टीकरण देताना विधवा, अज्ञान, शारीरिक वा मानसिक दुर्बलता असलेली व्यक्ती आणि सशस्त्र दलात सेवा करणारी व्यक्ती यांना एका ओळीत बसविले आहे. यांनी नोकरांकरवी, मजुरांकरवी किंवा कुळांकरवी जमीन कसली तरी ती त्यांनी स्वतः कसली असे मानावयाचे. या सहवासाची गंमत वाटते, आणि थोडे वाईटही. राष्ट्राचा सर्वांत सक्षम म्हणून निवडलेला तरुण कायद्याच्या पानावर असमर्थांच्या रांगेत उभा आहे. मात्र भावनेच्या भरात हे वर्गीकरण झिडकारणे योग्य होणार नाही. कायद्याला येथे शरीराचे बळ अभिप्रेत नाही. स्वतःच्या मिळकतीपाशी हजर राहण्याची क्षमता अभिप्रेत आहे, आणि त्या अर्थाने सैनिक खरोखरच विकल आहे. वादाचा मुद्दा वेगळाच आहे. अज्ञानास पालक असतो, त्याच्या हितासाठी न्यायालय विशेष दक्ष असते. सैनिकास रांगेत तर बसविले, पण पालक दिला नाही.

१९६४ च्या दुरुस्तीने याच अधिनियमात सैनिक व माजी सैनिक जमीनमालकांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले आणि कुळाकडून जमीन परत मिळविण्याची विशेष वाट त्यांना मिळाली. १९६२ च्या चीन-युद्धानंतरचा तो काळ होता. सहानुभूती स्वाभाविक होती. पण १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी ज्या कुळांना मालकीची आशा मिळाली होती, त्यांतील काहींच्या घरातही पलटणीत गेलेले मुलगे होते. एका सैनिकाला दिलेले संरक्षण दुसऱ्या गरीब शेतकऱ्याच्या, कदाचित दुसऱ्या सैनिकाच्या बापाच्या अंगावर येते, हा तिढा विधिमंडळाने पुरता सोडविला नाही.

शहरी मिळकतीतही हाच ताण दिसतो. मुंबई भाडेनियंत्रण कायद्यातील कलम १३-अ-१ प्रमाणे सेनादलातील घरमालकास वरिष्ठ अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र सादर करून राहण्यासाठी घराचा ताबा परत मागता येई, आणि त्या प्रमाणपत्रातील मजकूर निर्णायक पुरावा ठरे. पुण्यातील एका निवृत्त लेफ्टनंट कर्नलच्या घराबाबतचा खटला १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. तेथे ती मिळकत निवृत्तीनंतर बक्षीसपत्राने मिळालेली होती. सेवेत असताना जो घरमालक नव्हता त्यास ही सवलत नाही, असा अर्थ न्यायालयाने लावला. एरवी कोणीही भाडेकरू असलेले घर निवृत्त सैनिकाच्या नावे करून देऊन भाडेकरूस बाहेर काढू शकला असता. सवलतीचे मूळ कारण, म्हणजे सेवेमुळे आलेली अनुपस्थिती, न्यायालयाने नेमके पकडले. माझ्या मते संरक्षणाच्या साऱ्या कायद्यांना लावण्याजोगी ही कसोटी आहे. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २३ मध्ये ही सवलत पुढे चालू राहिली. तिच्यात सैनिकांसोबत शास्त्रज्ञही आले, आणि कसोटी पुन्हा थोडी धूसर झाली.

पगार, हप्ता आणि पत्नी

सेना अधिनियम, १९५० च्या कलम २८ नुसार सैनिकाचा पगार व भत्ते दिवाणी वा महसुली न्यायालयाच्या हुकमाने जप्त होत नाहीत. कलम २९ त्याला कर्जापोटी अटकेपासून मुक्त ठेवते. कलम ३२ नुसार दाव्यासाठी रजा घेतल्याचे प्रमाणपत्र हजर केल्यास न्यायालयाने त्या रजेच्या अवधीत शक्यतो निकाल द्यावयाचा असतो. पेन्शन अधिनियम, १८७१ निवृत्तिवेतनाला जप्तीपासून वाचवतो. ही तटबंदी भक्कम दिसते. पण आजचा धनको ज्या वाटेने येतो ती वाट या तटाला लागतच नाही. कर्जाचा हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो. त्यासाठी कोणाच्या हुकूमनाम्याची गरज नसते. तारण असलेले घर असेल तर २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला साठ दिवसांच्या नोटिशीनंतर न्यायालयात न जाता ताबा घेता येतो, आणि त्याविरुद्धची दाद दिवाणी न्यायालयात नव्हे तर कर्जवसुली न्यायाधिकरणात मागावी लागते. शेतजमीन या कायद्याबाहेर आहे, एवढाच दिलासा. १९२५ चा कायदा ‘न्यायालया’पुढील कामकाज तहकूब करतो, जेथे न्यायालयच मधून काढून टाकले आहे तेथे तहकूब काय करणार?

अमेरिकन कायदा येथे वेगळ्या पायावर उभा आहे. सेवेत जाण्यापूर्वीच्या कर्जावरील व्याज तो सहा टक्क्यांवर रोखतो, तैनातीचा हुकूम आल्यास घरभाड्याचा करार मोडण्याची मुभा देतो, आणि सेवेपूर्वीच्या गहाणाची वसुली न्यायालयाच्या आदेशाविना होऊ देत नाही. सैनिकाला केवळ वेळ न देता ऋणाच्या आशयालाच हात घालण्याची ही पद्धत आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. व्यवहाराचा इतिहास पाहा, हप्ते बांधा, हे १८७९ चा कायदा याच जिल्ह्यात सांगत होता. शेतकऱ्यासाठी जी दृष्टी होती ती शेतकऱ्याच्याच मुलाने गणवेश चढविल्यावर का हरवली, याचे समाधानकारक उत्तर मला १९२५ च्या संहितेत सापडत नाही.

या तटबंदीची एक बाजू सहसा बोलली जात नाही. पगार जप्त होत नाही तो सावकारासाठी, तसाच पत्नीसाठीही. पोटगीचा दिवाणी हुकूम घेऊन आलेल्या स्त्रीला कलम २८ आडवे येते. सेना अधिनियमात पत्नी व अपत्ये यांच्या निर्वाहासाठी पगारातून कपात करण्याची तरतूद आहे. पण तो हुकूम शासनाने किंवा विहित अधिकाऱ्याने द्यावयाचा. म्हणजे न्यायालयात जिंकलेल्या स्त्रीने पुन्हा नवऱ्याच्या वरिष्ठांकडे अर्ज करावयाचा. सैनिकाच्या अनुपस्थितीचे संरक्षण आणि सैनिकाच्या जबाबदारीपासूनचे संरक्षण यांत कायद्याने भेद केलेला नाही. कुटुंबाला वाऱ्यावर सोडणारा आणि सीमेवर अडकलेला, दोघांनाही तीच ढाल मिळते. सर्वोच्च न्यायालयाने भाडेकरूच्या बाबतीत जी कसोटी लावली ती येथे कोणी लावणार की नाही?

मृत्युपत्राची बाब तर चमत्कारिक आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६५ व ६६ मध्ये प्रत्यक्ष युद्धात असलेल्या सैनिकास विशेषाधिकारी मृत्युपत्र करण्याची सोय आहे. साक्षीदारांवाचून स्वहस्ताक्षरात, प्रसंगी तोंडी सुद्धा. परंतु हिंदूंच्या मृत्युपत्रांना लागू होणाऱ्या कलमांची जी तिसरी अनुसूची आहे तिच्यात या कलमांचा समावेश नाही. म्हणून मराठा पलटणीतील हिंदू जवानाने खंदकात केलेले मृत्युपत्र दोन साक्षीदारांनी साक्षांकित असल्याशिवाय टिकत नाही. एकाच खंदकातील दोन सैनिकांच्या अखेरच्या इच्छेला धर्मानुसार वेगळा मान मिळावा, हे शंभर वर्षांत कोणाला दुरुस्त करावेसे वाटले नाही.

१९३० मध्ये सोलापूरने मार्शल लॉ अनुभवला होता. लष्करी सत्ता मुलकी कायद्याच्या वर बसली म्हणजे काय होते ते या शहराला ठाऊक आहे. म्हणून सैनिकाला मुलकी कायद्याच्या वर बसवावे, असे येथे कोणी म्हणणार नाही. त्याला मुलकी कायद्यासमोर उभे राहता यावे, एवढेच मागणे आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर हे जिल्हे त्याच्या कक्षेत आले, म्हणजे मुंबईची खेप वाचली. २६ जुलै २०२५ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने श्रीनगर येथे ‘वीर परिवार सहायता योजना’ जाहीर केली. तीत सैनिक मंडळांच्या कार्यालयांतून विधी सेवा केंद्रे चालविण्याची कल्पना आहे. वकील मिळेल, सल्ला मिळेल. पण मुदत संपल्यानंतर मिळालेला सल्ला आणि फेरफार प्रमाणित झाल्यानंतर मिळालेला वकील यांना १९२५ च्या संहितेतीलच शस्त्रे वापरावी लागतील.

संसदेने नवा कायदा करण्याची वाट पाहण्याआधीही काही करता येण्याजोगे आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १२२ खाली उच्च न्यायालयास पहिल्या अनुसूचीतील नियमांत बदल करण्याचा अधिकार आहे. एकतर्फी निकालापूर्वी प्रतिवादी सशस्त्र दलात आहे किंवा नाही याचे प्रतिज्ञापत्र वादीने द्यावे, एवढा एक नियम त्या अधिकारातून होऊ शकतो. आणि फेरफाराच्या नोटिशीवर ‘हितसंबंधित व्यक्ती सैन्यात आहे काय’ असा एक रकाना घालण्यास तर कायद्यात बदल करण्याचीही गरज नाही. तो भरला गेला की नोटिशीची एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे जावी, म्हणजे पुढचा पत्रव्यवहार त्या जवानाच्या पलटणीशी होऊ शकेल.